दोन विमानांच्या मधल्या वेळात चांगला पूल हॉल कसा गाठावा

पूल या खेळाच्या टेबलावर पांढरा बॉल कुशनच्या, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीच्या, कडेकडेने अगदी हळू सोडला. निम्मं टेबल तो सरळ गेला. मग वेग मंदावला तसा शेवटच्या वीतभर अंतरात कुशन सोडून आत वळला आणि चार बोटं बाजूला जाऊन थांबला. अकरा तासांच्या ले-ओव्हरमधला, म्हणजे दोन विमानांच्या मधल्या वेळातला, दीड तास खर्चून मी त्या हॉलमध्ये पोचलो होतो. बाकी सगळी टेबलं भरलेली, परतीची वेळ ठरलेली आणि वाट्याला आलेलं एकच टेबल, तेही उताराचं. नकाशावर त्या हॉलला भरभरून तारे होते. मी तारे पाहिले होते, टेबलं पाहिली नव्हती.

तेव्हापासून मी शोधायची पद्धत बदलली. आधी टेबल, मग अंतर आणि सगळ्यात शेवटी लोकांचे अभिप्राय. रोजच्या खेळाला हा क्रम उलटा असला तरी चालतं, कारण एक हॉल आवडला नाही तर उद्या दुसऱ्या हॉलमध्ये जाता येतं. ले-ओव्हरमध्ये तो उद्या नसतो. म्हणून घरून निघण्याआधी अर्धा तास नीट बसून पुढची कामं उरकून घ्यावीत.

आधी घड्याळाचा हिशोब

तिकिटावर नऊ तासांचा ले-ओव्हर दिसला म्हणून नऊ तास हातात आहेत असं समजू नका. विमानाच्या दारातून निघून इमिग्रेशन पार करून रस्त्यावर यायला एक तास धरा. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. पुढचं उड्डाण आंतरराष्ट्रीय असेल तर सुटण्याच्या तीन तास आधी विमानतळावर परत. नऊ तासांतले साडेपाच तास इथेच गेले. उरलेल्या साडेतीन तासांतला पाऊण तास अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा. म्हणजे प्रत्यक्ष टेबलावर पावणेतीन तास मिळतात. एकट्याच्या सरावाला किंवा एखाद्या चांगल्या सामन्याला एवढा वेळ भरपूर आहे.

सात तासांच्या ले-ओव्हरला हाच हिशोब लावला की हातात पाऊण तास उरतो. तेवढ्यासाठी मी विमानतळाबाहेर पडत नाही. रांगेत वीस मिनिटं जास्त गेली की सगळा बेत कोलमडतो, आणि घड्याळाकडे बघत मारलेला शॉट काही खरा नसतो. उड्डाण देशांतर्गत असेल किंवा हॉल विमानतळाजवळ असेल तर गणित सैल होतं. तरी आकडे कागदावर मांडूनच ठरवावं. ‘जमेल की’ म्हणून निघालो की हमखास धावपळ होते.

त्याआधीचा प्रश्न म्हणजे विमानतळाबाहेर पडायची परवानगी आहे का. ट्रान्झिट व्हिसा आहे म्हणजे शहरात जाता येईल, असा समज असेल तर तो आधी तपासा. शेंगेन देशांचा ‘ए’ प्रकारचा एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा फक्त विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय भागापुरता असतो, त्यावर बाहेर पडता येत नाही. अमेरिकेत उलट आहे. तिथे नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावंच लागतं, त्यामुळे व्हिसा किंवा तशी सवलत आधीच हातात लागते. आपल्या पासपोर्टाला कोणता नियम लागू आहे ते त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच वाचा. मित्राला गेल्या वर्षी सोडलं होतं, एवढ्यावर विसंबू नका.

सामानाचंही तसंच. बॅगेला शेवटच्या मुक्कामाचा टॅग लागला आहे की मध्ये ती उचलून पुन्हा द्यायची आहे, हे चेक-इनच्या काउंटरवरच विचारा. मध्ये उचलायची असेल तर वेळेच्या हिशोबात आणखी तासभर घाला आणि विमानतळावर सामान ठेवायची सोय आहे का ते पाहून ठेवा. चाकांची मोठी बॅग घेऊन पूल हॉलमध्ये जाणं इतर खेळणाऱ्यांवर अन्याय आहे. टेबलांच्या मधल्या जागेत लोक मागे सरकून क्यू (बॉल मारायची काठी) ओढत असतात, तिथे बॅग कोणाच्या तरी पायात येतेच.

नेमका कोणता शब्द शोधायचा

नकाशाच्या ॲपमध्ये नुसतं ‘पूल’ टाकलं की पोहण्याचे तलाव, तलावांची रसायनं विकणारी दुकानं आणि हॉटेलांची यादी येते. ‘पूल हॉल’ किंवा ‘बिलियर्ड्स’ टाका. इंग्रजी जिथे रोजच्या वापरात नाही, तिथे स्थानिक शब्द त्यांच्याच लिपीत शोधला तर कितीतरी जास्त हॉल सापडतात. भाषांतराच्या ॲपमधून शब्द घ्यायचा आणि नकाशात चिकटवायचा, एवढंच काम आहे. स्पॅनिश आणि फ्रेंचमध्ये स्पेलिंग वेगळं असलं तरी उच्चार जवळपास एकच, बियार. इटालियनमध्ये बिलियार्दो, तुर्कीत बिलार्दो, जपानीत बिरियादो, व्हिएतनामीत बी-आ. चिनी मुख्य भूमीवर थायच्यू म्हणतात, तर तैवानमध्ये ज्वांगच्यू.

शब्द सापडला तरी काम संपत नाही. त्या शब्दाच्या मागे त्या देशात कोणतं टेबल असतं हे ठाऊक नसेल तर फजिती होते. कोरियात बिलियर्ड्सला तांगू म्हणतात. तिथल्या बहुतेक हॉलमध्ये पॉकेटच (बॉल पडायची भोकं) नसलेली कॅरम बिलियर्ड्सची टेबलं असतात (बोटांनी खेळायच्या कॅरमबोर्डाशी गल्लत नको). त्यांचे बॉल आपल्या पूलच्या बॉलपेक्षा मोठे. पूल खेळायचा असेल तर तिथे ‘पॉकेटबॉल’ शोधावं लागतं. रशियन भाषेत बिलियर्ड्स म्हटलं की पिरॅमिडचं टेबल समोर येऊ शकतं. ६८ मिलिमीटरचा जड बॉल आणि जेमतेम तेवढंच रुंद पॉकेट. तो खेळ देखणा आहे, पण दोन तासांत हात बसत नाही. ब्रिटनमध्ये ‘पूल’ म्हणजे बहुधा छोटं टेबल, लाल-पिवळे लहान बॉल आणि बारीक टिपेचा (टोकावरच्या चामड्याचा) क्यू. नऊ फुटी टेबल हवं असेल तर तिथे ‘अमेरिकन पूल’ म्हणून शोधा. चीनमध्ये नऊ फुटी टेबल सहज मिळतं, पण पॉकेटची तोंडं स्नूकरसारखी गोलाई असलेली. तिथे कडेला घासलेला बॉल आत जात नाही, बाहेर फेकला जातो.

हे सगळे खेळ खेळून पाहावेत असेच आहेत. वेळ असेल तर मी मुद्दाम अनोळखी टेबल निवडतो. पण ते आपण ठरवून निवडलेलं असावं, दारात पोचल्यावर कळलेलं नसावं.

शोधायची दुसरी आणि माझ्या मते जास्त खात्रीची वाट म्हणजे स्पर्धा. क्यूस्कोअरसारख्या संकेतस्थळावर पूलच्या स्पर्धांचे निकाल आणि त्या कुठे झाल्या ते दिसतं. देशोदेशीच्या पूल संघटना आपल्या लीगचे सामने कोणत्या हॉलमध्ये आहेत ते जाहीर करतात. ज्या हॉलमध्ये नियमित लीग चालते, त्या मालकाला टेबलांची निगा राखावीच लागते. खेळाडू रोज येऊन तक्रार करतात ना. फक्त लीगच्या संध्याकाळी तिथे जाऊ नका, तेव्हा तुम्हाला टेबल मिळणार नाही.

फोटो कसे वाचायचे

दोन-तीन हॉल हाती लागले की त्यांचे फोटो उघडा आणि नव्यापासून जुन्याकडे लावा. पहिला झगमगीत फोटो उद्घाटनाच्या दिवशीचा असतो. लोकांनी गेल्या काही महिन्यांत काढलेले अंधुक, वाकडेतिकडे फोटो जास्त कामाचे.

त्यात मी सगळ्यात आधी भिंतीवरची क्यूची कपाटं शोधतो. छोट्या कुलपांचे उभे खाने दिसले की तिथे नेहमीचे खेळाडू आपले क्यू ठेवून जातात असं समजायचं. स्वतःचा क्यू ठेवण्याइतका विश्वास त्यांना त्या टेबलांवर आहे. माझ्या अनुभवात यापेक्षा चांगली खूण नाही.

मग टेबलं. सगळी एकाच बनावटीची, एकाच रंगाच्या कापडाची, ओळीत लावलेली असतील तर उत्तम. बाजूच्या लाकडावर डायमंड, ब्रन्स्विक, रॅसन अशी टेबल बनवणाऱ्यांची नावं दिसतात का ते फोटो मोठा करून पाहा. ब्रन्स्विकचं गोल्ड क्राउन हे टेबल १९६१ साली बाजारात आलं. त्याची जुनी टेबलं अजून हॉलमध्ये दिसतात आणि नीट ठेवलेली असली तर अप्रतिम चालतात, तेव्हा टेबल जुनं दिसलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. बाजूला नाणं टाकायची खाच दिसली तर ते सात फुटी असण्याची शक्यता मोठी. एखाद-दुसऱ्या खेळाला ते ठीक, पण तासभर सराव करायला नको.

कापडाकडे नीट बघा. ब्रेकच्या (डावाच्या पहिल्या फटक्याच्या) जागेपासून रॅककडे, म्हणजे सुरुवातीला बॉल एकत्र रचतात त्या जागेकडे, जाणारा पांढुरका पट्टा आणि रॅकच्या जागी झिजलेला ठिपका सगळीकडेच असतो. तो बोटभर असेल तर हरकत नाही. पट्टा तळहाताएवढा रुंद, कुशनच्या ओठाशी कापड पिवळट, पॉकेटाशी धागे निघालेले असं दिसलं तर तो हॉल यादीतून काढा.

भिंती आणि खांबही पाहा. नऊ फुटी टेबलाची खेळायची जागा १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद असते, आणि क्यू साधारण ५८ इंचांचा. म्हणजे चारही बाजूंनी क्यू मोकळा ओढायचा तर कमीत कमी १८ फूट बाय १४ फूट जागा हवी. फोटोत कुठे खांबाला टेकवून ठेवलेला आखूड क्यू दिसला तर समजा की त्या टेबलावर निम्मे शॉट तुम्हाला त्या आखूड क्यूने मारावे लागतील.

अभिप्राय वाचायचे ते शोधशब्द टाकून. ‘कापड’, ‘टिप’, ‘लेव्हल’, ‘लीग’ या अर्थाचे शब्द त्यांच्या भाषेत टाका. संगीत आणि खाण्यापिण्याचं कौतुक करणारे शंभर अभिप्राय बाजूला ठेवा. ‘तीन नंबरचं टेबल डावीकडे ओढतं’ असं लिहिणारा एकच माणूस सापडला तरी तो खरा खेळणारा आहे.

निघण्याआधी एक फोन

नकाशावरच्या वेळांवर विसंबू नका. बरेच पूल हॉल दुपारनंतर उघडतात आणि रात्री उशिरापर्यंत चालतात. सकाळचा ले-ओव्हर असेल तर अर्धी यादी तिथेच गळते. फोन किंवा संदेश करून एवढं विचारा: आज किती वाजता उघडणार, आज लीग किंवा स्पर्धा आहे का, नऊ फुटी टेबलं किती, एकट्याला टेबल मिळतं का. दर तासाला आहे, माणशी आहे की गेमला, हेही विचारा. गेमला दर असेल तर एकट्याच्या सरावाला ते परवडत नाही. वयाची अट आणि आत धूम्रपान चालतं का, हे दोन प्रश्नही महत्त्वाचे. धुराने भरलेल्या खोलीत तीन तास काढून तेच कपडे घालून पुढे दहा तास विमानात बसणं त्रासाचं होतं.

हॉलचा पत्ता आणि विमानतळाच्या नेमक्या टर्मिनलचं नाव, दोन्ही स्थानिक लिपीत लिहून स्क्रीनशॉट काढून ठेवा. शहरात गेल्यावर नेट चाललं नाही तरी टॅक्सीवाल्याला दाखवता येतं. परतीची ट्रेन असेल तर शेवटची गाडी किती वाजता, तेही त्याच वेळी पाहून घ्या.

बरोबर काय घ्यायचं

क्यू केबिनमध्ये नेता येत नाही. अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेच्या यादीत पूलचा क्यू हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत चालतो, असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि इतर ठिकाणीही तीच अपेक्षा ठेवा. चेक-इनची बॅग तर पुढच्या विमानाकडे गेलेली असते. म्हणजे खेळायचं ते हॉलच्याच क्यूने. हे आधीच मान्य केलं की मनाला हुरहुर लागत नाही.

खिशात मात्र चार गोष्टी असाव्यात. स्वतःच्या खडूची एक वडी, हातमोजा वापरत असाल तर तो, चष्म्याच्या कापडासारखा एक मऊ तुकडा आणि बारीक सँडपेपरचा बोटभर तुकडा. खडू वापरताना टेबलाच्या कापडाचा रंग बघा. हिरव्या कापडावर गडद लाल खडूचे डाग पडले तर मालकाला वाईट वाटेल, आणि ते रास्तच आहे. रंग जुळत नसेल तर हॉलचाच खडू वापरा.

टेबल घेण्याआधीची दहा मिनिटं

हॉलमध्ये पोचलात की लगेच पैसे भरून रॅक लावू नका. ‘आधी टेबल पाहू का?’ असं विचारलं तर चांगला मालक कधी नाही म्हणत नाही, उलट समोरचा जाणकार आहे हे ओळखून जास्त चांगलं टेबल देतो.

पहिली चाचणी सुरुवातीला सांगितली तीच. एक बॉल कुशनला समांतर, दोन-तीन बोटं अंतर ठेवून अगदी हळू सोडा, इतका हळू की तो पलीकडच्या कुशनशी पोचता पोचता थांबावा. नजर शेवटच्या वीतभर प्रवासावर ठेवा. वेगात असताना बॉल टेबलाचा उतार लपवतो, थांबताना लपवू शकत नाही. हे चारही कडांनी, जाताना आणि येताना करा. मग आडव्या दिशेने मधल्या पॉकेटच्या रेषेत करा. नऊ फुटी टेबलाची स्लेट (कापडाखालची दगडी फरशी) बहुधा तीन तुकड्यांची असते. जोडावरून जाताना बॉल हलकासा उडतो किंवा टक असा बारीक आवाज येतो, तर तिथलं भरण निघालं आहे. एखादा जोड सहन करता येतो. उतार सहन करू नका, दुसरं टेबल मागा.

दुसरी चाचणी कुशनची. टेबलाच्या एका टोकाकडून पांढरा बॉल सरळ समोरच्या कुशनवर जोरात मारा आणि तो टेबलाच्या किती लांब्या जातो ते मोजा. चांगल्या कापडावर चार लांब्या सहज होतात. अडीच-तीनमध्येच दमला तर कापड जाड आहे किंवा कुशनचं रबर मेलं आहे. कोणतं ते ओळखायला बॉल कुशनवर वेगवेगळ्या ठिकाणी हलकेच आदळा. एखाद्या जागी आवाज बदलला, धप्प असा झाला, तर त्या भागाचं रबर सुटलं आहे.

मग पॉकेट. जागतिक पूल-बिलियर्ड संघटनेच्या नियमांत कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड ४.५ ते ४.६२५ इंच ठरवलेलं आहे, आणि पूलचा बॉल २.२५ इंचांचा. म्हणजे पॉकेटच्या दोन टोकांमध्ये दोन बॉल शेजारी शेजारी ठेवले आणि ते जेमतेम बसले, तर ते स्पर्धेच्या मापाचं टेबल. दोघांच्या मध्ये बोट शिरलं तर पॉकेट सैल. विमानातून उतरून थकलेल्या माणसाला सैल पॉकेट आवडेल, त्यात काही चूक नाही. फक्त आपण कशावर खेळतोय हे ठाऊक असावं. नाहीतर इथे सगळं आत गेलं म्हणून भलत्या सवयी घेऊन घरी जाल.

कापड हाताने पाहा. पूलचं चांगलं कापड गुळगुळीत असतं, त्याला लव नसते, आणि त्यावर बॉल वेगाने धावतो. बेल्जियममधल्या व्हर्व्हिएचं सिमोनिस हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव, त्या घराण्याचा व्यवसाय १६८० पासूनचा आहे. लव असलेलं, स्नूकरसारखं कापड हाताला एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने खरखरीत लागतं. त्यावर बॉल संथ धावतो आणि हळू शॉटला लवेच्या दिशेचा परिणाम होतो. दमट हवेच्या गावात कोणतंही कापड थोडं जड होतं, तेव्हा एका शॉटवरून निर्णय करू नका.

दिव्यांकडे वर बघू नका, खाली बॉलच्या सावलीकडे बघा. बॉलच्या एकाच बाजूला गडद, धारदार सावली पडत असेल तर कटचे (बॉलला कडेने तिरका मारायचे) शॉट चुकतील, कारण बॉलची कड नीट दिसत नाही. चारही बाजूंनी फिकट सावली असेल तर दिवे बरोबर लावले आहेत.

क्यू आणि बॉल

हॉलचा क्यू निवडायला पाच मिनिटं द्या. लोक टेबलावर क्यू गोल फिरवून पाहतात. त्यातून मोठा बाक कळतो, बारीक बाक कळत नाही. बटाकडून (जाड टोकाकडून) डोळ्याशी धरून, बंदुकीसारखा रोखून टिपेपर्यंत बघा आणि हळूहळू फिरवा. मग टिप. ती चकचकीत असेल तर खडू धरणार नाही, सँडपेपर दोनदा हलकेच फिरवा, पण मालकाला विचारूनच. टिप कडेने पसरून छत्रीसारखी झाली असेल किंवा खालची पांढरी कडी तडकली असेल तर तो क्यू परत ठेवा. वजन बटावर औंसात लिहिलेलं असतं. घरच्या क्यूचं वजन ठाऊक असेल तर तेवढंच किंवा अर्धा-एक औंस कमी घ्या. थकलेल्या हाताला हलका क्यू बरा पडतो, असं मला वाटतं.

बॉलचा संच धुतलेला आहे का पाहा. मघाचा मऊ तुकडा इथे कामाला येतो. सगळे बॉल एकदा पुसून घेतले की मळामुळे होणारी चिकट टक्कर कमी होते. पांढरा बॉल बाकीच्यांपेक्षा जास्त झिजतो. तो आणि एक रंगीत बॉल शेजारी ठेवून, टेबलाच्या पातळीला डोळे आणून वरच्या कडा बघा. फरक उघड दिसला तर दुसरा पांढरा मागा. नाणं टाकायच्या टेबलांवर पांढरा बॉल वेगळा ओळखून परत यावा म्हणून काही ठिकाणी चुंबकीय किंवा आकाराने मोठा असतो. तो मागे ओढायला जड जातो, हे लक्षात ठेवून खेळा.

खेळताना

सात-आठ तास बसून आलेलं शरीर लगेच वाकत नाही. मान आणि कंबर मोकळी करा, भरपूर पाणी प्या. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर विमानातल्या कोरड्या हवेनंतर चष्मा जास्त बरा. पहिली दहा मिनिटं एकही बॉल पॉकेटात टाकायचा प्रयत्न न करता पांढरा बॉल लांबीच्या दिशेने मारून परत आपल्याकडच्या कुशनशी आणा. दहा वेळा. नव्या टेबलाचा वेग हाताला त्यातूनच कळतो. त्यानंतर सरळ रेषेत बॉल लावून पांढरा जागच्या जागी थांबवायचे शॉट. हे नीट जमले की मग रॅक लावा.

एकटे असाल तर ‘भुताशी’ खेळा. ब्रेक करा, पांढरा बॉल हवा तिथे ठेवा आणि सगळे बॉल क्रमाने संपवा. एक चुकला की तो डाव भुताचा. प्रवासात मी नऊऐवजी सहा किंवा सात बॉल घेतो आणि आधी पाच डाव जिंकेल तो विजयी, असं ठरवतो. वेळेत संपतं आणि मन लागून राहतं.

कोणी खेळू का विचारलं तर आनंदाने खेळा. भाषा येत नसली तरी बोट पॉकेटकडे दाखवणं, बॉलला हात लावण्याआधी नजरेने विचारणं, चांगल्या शॉटला क्यूचा बट जमिनीवर हलकेच आपटणं एवढ्यावर तास सहज जातो. ब्रेकच्या आधी मात्र तीन गोष्टी खुणेने का होईना, ठरवून घ्या. फाउल झाला तर पांढरा बॉल कुठेही ठेवायचा की ब्रेकच्या रेषेमागे, पॉकेट सांगायचं की नाही, आणि ब्रेकला आठ नंबरचा बॉल पॉकेटात गेला तर काय. जागतिक नियमांत ब्रेकला आठ गेल्याने डाव जिंकत नाही. तो परत जागेवर ठेवून पुढे खेळता येतं किंवा पुन्हा ब्रेक करता येतो. कितीतरी ठिकाणी मात्र तो सरळ विजय मानतात. ज्यांचा हॉल, त्यांचे नियम. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

पैसे लावून खेळायचं कोणी सुचवलं तर हसून नकार द्या, आणि तो पहिल्याच मिनिटाला द्या. पासपोर्ट अंगावरच ठेवा. बॉलच्या बदल्यात ओळखपत्र ठेवून घ्यायची पद्धत काही हॉलमध्ये असते. तिथे दुसरं एखादं ओळखपत्र द्या, पासपोर्ट कधीच नको. पिशवी आपल्याच टेबलाच्या खुर्चीवर, खेळताना दिसेल अशी.

निघताना

फोनवर दोन गजर लावा. पहिला निघायच्या वेळेच्या पंचवीस मिनिटं आधी. तो वाजला की नवा डाव सुरू करायचा नाही, चालू आहे तो संपवायचा. दुसरा वाजला की समोर कितीही सोपा रॅक पसरलेला असो, क्यू भिंतीला. मी एकदा दुसऱ्या गजरानंतर ‘हे तीन बॉल घेतो’ म्हणालो होतो. तीनही गेले, पण सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहून पाय कापत होते. ते पुन्हा नको.

बॉल मोजून ट्रेमध्ये ठेवा, क्यू होता त्याच जागी लावा, हात साबणाने धुवा, निळा खडू सदऱ्याला आणि बोर्डिंग पासाला लागतो. मालकाला टेबलाबद्दल खरं ते सांगा, चांगलं असेल तर चांगलं, एखादी कुशन मेलेली असेल तर तेही. मग टेबलाचा एक फोटो काढा आणि टॅक्सीत बसल्या बसल्या त्याखाली चार ओळी लिहून ठेवा: टेबल क्रमांक, सरळ आहे का, पॉकेटमध्ये दोन बॉल कसे बसले, कोणता क्यू घेतला होता, विमानतळावरून पोचायला खरोखर किती मिनिटं लागली. पुढच्या वेळी त्याच शहरात ले-ओव्हर आला की शोध टेबलाच्या क्रमांकापासून सुरू होतो.